केमो-रेडिएशनच्या काळात तोंडाची चव बिघडली तर

कॅन्सरवरची केमोथेरपी (केमो) किंवा रेडिएशन चालू असताना बरेच जण म्हणतात, ‘तोंडाला चवच नाही’. या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात. कुणाला काहीही खाल्लं तरी सपक लागतं. कुणाला प्रत्येक घासाला लोखंड चघळल्यासारखं वाटतं. कुणाला साधं पाणी कडू लागतं, कुणाला गोड पदार्थ तोंडात धरवत नाहीत, तर कुणी नुसत्या वासानेच ताटावरून उठतं. सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो: लिंबू पिळून बघा. धातूची चव येणाऱ्याला लिंबाने खरंच बरं वाटतं. तोंड आलेल्याची त्याच लिंबाने आग आग होते. आणि तोंडात बुरशी झालेल्याला औषधच लागतं, लिंबाने काही होत नाही. म्हणून आधी नेमकं काय बिघडलंय ते ठरवायचं आणि मग स्वयंपाकाकडे वळायचं.

हे होतं कशामुळे

जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी साधारण १० ते १४ दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात, त्यात याही सापडतात. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, फ्लुरोयुरॅसिल या औषधांनी चव बिघडल्याची तक्रार नेहमीची आहे. काही औषधं रक्तातून लाळेत उतरतात, त्यामुळे सलाईन चालू असतानाच तोंड कडू होतं. व्हिस्मोडेगिबसारख्या गोळ्या तर चवीच्या पेशी नव्याने तयार होण्यासाठी लागणारा संदेशच अडवतात, त्यामुळे ती घेणाऱ्या बऱ्याच जणांची चव जाते.

डोक्याला किंवा मानेला रेडिएशन असेल तर दुहेरी मार बसतो. चवीच्या पेशी जातात आणि लाळग्रंथीही सुकतात. पदार्थ लाळेत विरघळला तरच त्याची चव पेशींपर्यंत पोचते. त्यामुळे तोंड कोरडं असेल तर पेशी शाबूत असूनही जेवण बेचव लागतं.

केमोतली बिघडलेली चव बहुतेकांची उपचार संपल्यावर काही आठवड्यांत सुधारू लागते, काहींना महिने लागतात. मानेच्या रेडिएशनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चव जायला लागते आणि शेवटच्या आठवड्यांत सगळ्यात वाईट असते. ती परत यायला दोन-तीन महिन्यांपासून वर्षभरही लागू शकतं, आणि काही जणांची पूर्वीसारखी कधीच होत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर उपचार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस आवडीचं जेवण समोर घेऊन बसतो आणि खचतो.

आधी ही कारणं तपासा

चव बिघडण्याचं खापर दर वेळी केमोवर फुटतं, पण काही कारणं चार दिवसांत दूर होण्यासारखी असतात.

तोंडातली बुरशी हे त्यातलं सगळ्यात जास्त नजरेतून सुटणारं कारण. आरशासमोर उजेडात जीभ, गालांच्या आतली बाजू आणि टाळू बघा. पांढरे, दह्याच्या कणांसारखे डाग दिसले, ते पुसल्यावर खाली लाल, हुळहुळी जागा निघाली, तर डॉक्टरांना दाखवा. कधी कधी डाग नसतात, नुसती लालसर आग होणारी जीभ असते. बुरशीवरच्या औषधाने चवीतही फरक पडतो.

मेट्रोनिडाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स तोंडात धातूची किंवा कडू चव आणतात. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशनेही चव बिघडते. कोर्स संपला की हे आपोआप जातं. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या, घशाशी येणारं आम्ल, तोंड सुकवणाऱ्या ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या गोळ्या, तंबाखू हे सगळं त्याच यादीत. सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना एकदा दाखवा, पण मनाने कुठलंही औषध बंद करू नका.

पाच मिनिटांची चाचणी

गुळणी करून तोंड स्वच्छ करा. चार पेल्यांत अर्धा अर्धा कप साधं पाणी घ्या. एकात १ छोटा चमचा साखर, दुसऱ्यात पाव चमचा मीठ, तिसऱ्यात १ चमचा लिंबाचा रस घाला. चौथ्यात पाण्याऐवजी बिनसाखरेची काळी कॉफी. या लेखात चमचा म्हणजे ५ मिलीचा छोटा चमचा. एकेक घोट तोंडात सगळीकडे फिरवून थुंका, मध्ये साध्या पाण्याने चूळ भरा. कुठली चव कळत नाही, कुठली नको इतकी तीव्र लागते, ते लिहून ठेवा. तोंडात जखमा असतील तर लिंबाचा पेला वगळा.

मग नाकाची चाचणी. नाक चिमटीत धरून एखादा ओळखीचा पदार्थ चावा आणि चावता चावता नाक सोडा. एरवी नाक सोडल्याबरोबर पदार्थाची ओळख पटते. नाक सोडूनही काहीच फरक पडत नसेल तर अडचण जिभेपेक्षा वासात आहे. उलट, नाक धरल्यावर जेवण सुसह्य वाटत असेल तर वास हाच शत्रू, आणि मसाले बदलत बसण्यापेक्षा वास कमी करणं जास्त कामाचं.

ही चाचणी केमोच्या प्रत्येक फेरीत दोनदा करा: औषध घेतल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आणि पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी. बहुतेकांच्या चवीला एक लय असते. पहिल्या आठवड्यात जीभ रुसते आणि पुढच्या सलाईनआधी बऱ्यापैकी भानावर येते. ती लय एकदा कळली की बरे दिवस पोटभर खाण्यासाठी राखता येतात आणि वाईट दिवसांत उगाच नवे प्रयोग होत नाहीत.

गुळणी: सगळ्यांसाठी, रोज

एवढी एक गोष्ट नेमाने केली तरी बऱ्याच जणांचं जेवण थोडं सोपं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

१ कप (साधारण २५० मिली) कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं, म्हणजे चमच्याचा आठवा भाग मीठ घाला. दिवसभराचं एकदम करायचं तर १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात १ चमचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ. झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

जेवणाच्या आधी पाच-दहा मिनिटं, जेवणानंतर आणि झोपताना गुळणी करायची. एक घोट तोंडात अर्धा मिनिट खेळवायचा, थुंकायचा, पुन्हा घ्यायचा. शेवटी साध्या पाण्याने चूळ. गिळायचं नाही.

यात होणारी नेहमीची चूक म्हणजे सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेणं. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं, ती चालत नाही. दुसरी चूक म्हणजे मीठ अंदाजाने टाकणं. जास्त मिठाने सोललेलं तोंड चरचरतं आणि माणूस गुळणीच सोडून देतो. तिसरी, जेवणाआधीची गुळणी टाळून फक्त नंतरची करणं. चवीसाठी आधीचीच महत्त्वाची, कारण जिभेवरचा चिकट थर तीच काढते.

ब्रश मऊ केसांचा घ्या, जिभेवरूनही हलक्या हाताने फिरवा. प्लेटलेट्स कमी असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रशबद्दल आधी विचारा. अल्कोहोल असलेले माउथवॉश बंद. पुदिन्याची पेस्ट झोंबत असेल तर लहान मुलांची सौम्य पेस्ट चालते.

तक्रारीनुसार उपाय

धातूची चव येत असेल तर स्टीलचे चमचे बाजूला ठेवून लाकडी, प्लास्टिकचे किंवा चिनी मातीचे वापरा, पाणी काचेच्या पेल्यातून प्या, डबाबंद पदार्थ टाळा. चमचा बदलल्याने प्रत्येकाला गुण येतोच असं नाही, पण करून बघायला काही जात नाही. जेवणात आंबट आणि किंचित गोड यांची जोडी ठेवा: एका वाटीला पाव चमचा लिंबाचा रस आणि दोन चिमटी साखर, मग चाखून वाढवा. दोन जेवणांच्या मध्ये बिनसाखरेची लिंबाची किंवा पुदिन्याची गोळी चघळा. बिनसाखरेची यासाठी, की लाळ कमी असलेल्या तोंडात साखरेने दात फार लवकर किडतात.

कडू लागत असेल तर बहुतेक जण साखर वाढवतात. त्याआधी चिमूटभर मीठ घालून बघा. मीठ कडवटपणा दाबतं, ही जिभेचीच रीत आहे. त्याने भागलं नाही तर साखर किंवा मध, आणि वर थोडं लोणी, साय किंवा तेल.

सगळं नको इतकं गोड लागत असेल तर लिंबाचे काही थेंब गोडवा मारतात. पदार्थ गार केला तरी गोडवा कमी जाणवतो. पौष्टिक पावडरीची पेयं गोड लागतात म्हणून कपाट भरून पडून राहतात, त्यांच्यासाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ती गार करा, साध्या दुधात निम्मी पातळ करा किंवा अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घाला. दुधाच्या पेयात लिंबू पिळू नका, फाटेल. बिनगोड, बिनचवीची पावडरही मिळते, ती सूपमध्ये किंवा डाळीत मिसळते.

खारट लागत असेल तर शिजवताना मीठ अर्ध्यावर आणा, आणि तयार सूप, सॉस, खारे दाणे बंद करा. थोडं लिंबू किंवा चिमूटभर साखर खारटपणा बोथट करते.

काहीच चव लागत नसेल, तर गोष्ट वेगळी. इथे नुसतं मीठ-तिखट वाढवत नेणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चुकीची वाट. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा सूज असलेल्यांना जादा मीठ घातक, आणि तिखटाने तोंड सोलवटतं. त्यापेक्षा चवीचा पाचवा प्रकार वापरा, ज्याला उमामी म्हणतात. पिकलेला टोमॅटो, मशरूम, मुरवलेलं चीज, सोया सॉस, हाडांचं किंवा भाज्यांचं दाट सूप यांत ती भरपूर असते, आणि तिने लाळही सुटते. टोमॅटो किंवा मशरूम तेलात मंद आचेवर पाणी आटेपर्यंत परतून घ्या, मग त्यातच पुढचा पदार्थ करा. सोया सॉस आणि चीज घातलं असेल तर वरचं मीठ कमी करा. आहे ते मीठ शिजताना सगळं न घालता थोडं वाढताना वरून भुरभुरवलं, तर कमी मिठात जास्त चव लागते. आलं, लसूण, जिरं, मिरी, पुदिना यांच्या वासाचा उपयोग होतो, पण ज्यांचा वास शाबूत आहे त्यांनाच. ज्यांचा वासही गेलाय त्यांच्यासाठी पोत बदला: मऊसोबत कुरकुरीत, गारासोबत कोमट. चव नसली तरी दातांना आणि जिभेला काहीतरी घडल्याचं कळतं, आणि घास गिळवतो. तोंडात फोड असतील तर मात्र कुरकुरीत नको.

तोंड आलेलं असताना वरचं बरंच काही लागू होत नाही. आंबट, तिखट, खूप खारट, कडक, कढत, सगळं थांबवा. मऊ, कोमट किंवा गार, आणि स्निग्ध एवढंच ठेवा: मऊ भात, दूध, दही, मऊ उकडलेले बटाटे, शिजवून घोटलेली डाळ, पूर्ण शिजवलेलं अंडं. जखमा भरल्या की चवीचे प्रयोग पुन्हा सुरू.

प्रथिनं सुटू देऊ नका

चव बिघडली की सगळ्यात आधी मांसाहार नकोसा होतो, त्यातही लाल मांस, आणि त्याबरोबर प्रथिनं जातात. उपचारांच्या काळात दर किलो वजनामागे रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळावीत असं सर्वसाधारण धोरण आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.

हिशेब साधा आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, एक कप दुधात ८, ३० ग्रॅम कच्च्या डाळीत ७, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ ते ३० ग्रॅम. १५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर दुधात, सूपमध्ये किंवा मऊ भातात मिसळली की ५ ग्रॅम प्रथिनं वाढतात आणि चवीत फारसा फरक पडत नाही. ती आधी थोड्या गार दुधात गुठळ्या मोडून घ्यावी. गरम सूपमध्ये थेट टाकली की गोळे होतात आणि पहिल्या गोळ्यालाच वाटी बाजूला सरते.

मांसच हवं असेल तर चिकन किंवा मासा लिंबू, दही किंवा फळाच्या रसात मुरवा: मासा २० ते ३० मिनिटं, चिकन दोन ते चार तास, दोन्ही फ्रीजमध्ये. मासा लिंबात जास्त वेळ राहिला तर भुसभुशीत होतो. मुरवायला वापरलेला रस फेकून द्या, वरून ओतू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना अर्धकच्चं अंडं, कच्चं मांस-मासे, न तापवलेलं दूध, कच्ची मोड आलेली कडधान्यं पूर्ण वर्ज्य.

सलाईनच्या दिवशी

आवडीचा पदार्थ केमोच्या दिवशी खाऊ नका. मेंदू मळमळीचा दोष शेवटी खाल्लेल्या पदार्थाला देतो आणि तो पदार्थ पुढे कित्येक महिने नकोसा होतो. १९७८ मध्ये आयलीन बर्नस्टीन यांनी केमो घेणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हे नीट दिसलं: उपचाराआधी अनोळखी चवीचं आइस्क्रीम खाल्लेली मुलं नंतर तेच आइस्क्रीम टाळू लागली. त्या दिवशी साधं, हलकं, ज्याच्यावर जीव नाही असं काहीतरी खा. जेवण आणि सलाईन यांच्या मध्ये एखादी तीव्र चवीची गोळी चघळली तर नावड जेवणाऐवजी त्या गोळीवर जाऊ शकते.

पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) किंवा नळी धुताना काहींना घशात अचानक विचित्र चव येते. नर्सने सिरिंज लावण्याआधी पुदिन्याची गोळी तोंडात ठेवली की ती झाकली जाते.

बर्फाबद्दल नीट वाचा. फ्लुरोयुरॅसिल एकदम शिरेत देतात तेव्हा ५ मिनिटं आधीपासून एकूण अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात फिरवले तर तोंड येण्याचं प्रमाण कमी होतं. पण ऑक्सालिप्लॅटिन घेणाऱ्यांना गार पदार्थांनी घसा आवळल्यासारखा होतो, जबड्यात-बोटांत झिणझिण्या येतात, आणि हे औषधानंतर बरेच दिवस टिकतं. ही दोन्ही औषधं बऱ्याचदा एकाच योजनेत असतात. त्यामुळे बर्फ डॉक्टरांना विचारूनच, आणि ऑक्सालिप्लॅटिन चालू असेल तर या लेखात जिथे जिथे ‘गार’ लिहिलंय तिथे ‘कोमट’ वाचा.

वास सोसत नसेल तर

गरम पदार्थाची वाफ नाकात जाते, म्हणून जेवण खोलीच्या तापमानाला आणून वाढा. मात्र शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. भांड्याचं झाकण दुसऱ्या खोलीत काढा, वाफ जाऊ द्या, मग ताट आणा. पेयं झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉने प्या. फोडणी, तळण, मासे शिजवणं रुग्ण बाहेर किंवा झोपलेला असताना उरकून घ्या, पंखा आणि खिडकी उघडी ठेवून. अत्तर, उदबत्ती, फिनेल यांचाही तितकाच त्रास होतो, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

वास कळेनासा झाला असेल तर वेगळीच काळजी. नासलेलं दूध, आंबलेली डाळ, गॅसची गळती त्या माणसाला समजणार नाही. अन्नाच्या डब्यांवर तारीख घाला, आणि मीठ-मसाल्याचा अंदाज दुसऱ्याने चाखून ठरवा.

पाणीच जात नाही

पाण्यात काकडीच्या चकत्या, पुदिना किंवा लिंबाची फोड तासभर टाकून ठेवा. तरीही कडू लागलं तर पाण्याचा हट्ट सोडा. पातळ सूप, ताक, कलिंगड, दूध, फळांचा रस हेही पाणीच आहे. मोठा पेला समोर ठेवण्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट सोपे जातात. ग्रेपफ्रूट (द्राक्ष नव्हे, पपनसासारखं फळ) आणि त्याचा रस बऱ्याच कॅन्सरच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलतो, तो विचारल्याशिवाय नको.

झिंकच्या गोळ्या

झिंक कमी पडलं की चव जाते हे खरं, म्हणून बरेच जण स्वतःहून गोळ्या सुरू करतात. डोक्या-मानेच्या रेडिएशनमधल्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, झिंक सल्फेटने चव जाणं टळलं नाही. जास्त मात्रेत, दीर्घकाळ घेतलेल्या झिंकने शरीरातलं तांबं घटतं आणि त्याने रक्तपेशी कमी होतात, ज्या केमोने आधीच कमी झालेल्या असतात. रक्ततपासणीत कमतरता दिसली आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच घ्या.

घरच्यांसाठी

‘काल तर हेच आवडलं होतं’ हे वाक्य आवरा. काल आवडलेलं आज कडू लागणं हा या त्रासाचाच भाग आहे, लहरीपणा नाही. एकच पदार्थ पातेलंभर करू नका, दोन-तीन पदार्थ चार-चार चमचे करा. ताट लहान घ्या, दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या. ‘चव कशी आहे?’ यापेक्षा ‘आंबट वाढवू की मीठ कमी करू?’ असं विचारा, म्हणजे उत्तर कामाचं मिळतं.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर घ्या. आठवड्यात १ किलोहून जास्त किंवा महिन्यात मूळ वजनाच्या ५ टक्के घट (६० किलोला ३ किलो) झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना कळवा. दिवसभर काहीच खाल्लं नाही, पाणीही पोटात ठरत नाही, लघवी खूप कमी आणि गडद झाली, गिळताना दुखतं किंवा ठसका लागतो, ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेला, तर लगेच फोन करा. मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर चवीसाठी साखर-मध वापरण्याआधी साखरेची पातळी तपासत राहा.

चव परत येताना

सगळ्या चवी एकदम येत नाहीत. एखादी आधी उमटते, एखादी मागे राहते, त्यामुळे मधल्या काळात जेवण विचित्रच लागतं. टाकून दिलेला पदार्थ दोन-तीन आठवड्यांनी एक घास घेऊन पुन्हा बघा, आणि आवडला नाही तर पुढच्या वेळी. रेडिएशननंतर लाळ कमीच राहिली तर रस्सेदार जेवण, घासागणिक पाण्याचा घोट, झायलिटॉलचं (दात न किडवणाऱ्या गोडीचं) च्युइंगगम आणि दातांच्या डॉक्टरांकडून फ्लोराइड हे पुढेही चालू ठेवावं लागतं. आजारपणात वाढवलेलं मीठ, साखर आणि लोणी चव आली तरी सवयीने तसंच राहतं. दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत जुन्या मापावर आणा.